लिलावाआधीची कबड्डी

व्यावसायिक संघ एखादा खेळाडू विकत घेतो तेव्हा त्याची किंमत त्याच संध्याकाळी सर्वतोमुखी होते. परंतु तो खेळाडू त्या किमतीला पोहोचेपर्यंत त्याच्यावर कोणी, किती वर्षे आणि कोणाच्या खिशातून खर्च केला, याचा हिशेब लिलावाच्या टेबलावर कधीच येत नाही. प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ रोजी आठ संघांनिशी सुरू झाली. त्या वर्षीच्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमारवर, पाटणा पायरेट्सकडून, १२ लाख ८० हजार रुपयांची लागली होती, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, दहाव्या हंगामाच्या लिलावात, पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. दरम्यान संघांची संख्या १२ झाली, दूरचित्रवाणीमुळे या खेळाला शहरी प्रेक्षक मिळाला, आणि पुणे जिल्ह्यातल्या, विशेषतः भोसरी, मोशी, चऱ्होली, चिखली ते थेट चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कबड्डी संघांत सरावाला येणाऱ्या मुलांचे ध्येय बदलले. पूर्वी हा मुलगा रेल्वेत, पोलिसांत किंवा भारत पेट्रोलियमसारख्या कंपनीत खेळाडू म्हणून नोकरी लागावी यासाठी खेळत असे. आता तो लिलावासाठी, किंवा नेमके सांगायचे तर लिलावाच्याही आधी होणाऱ्या निवडीसाठी खेळतो. या निवडीपर्यंत मुलांना पोहोचवणारी व्यवस्था कशी चालते, तिच्यात काय भक्कम आहे आणि काय ढिले आहे, हे पाहणे हा या लेखाचा विषय आहे.

व्यावसायिक खेळासाठी तरुण घडवण्याची जगातली सर्वांत बांधीव व्यवस्था कदाचित कॅनडातल्या बर्फावरील हॉकीची असावी, आणि तुलनेसाठी ती थोडक्यात समजून घेणे उपयोगी ठरते. ‘कॅनेडियन हॉकी लीग’ या छत्राखाली ओंटारिओ, पश्चिम कॅनडा आणि क्यूबेक अशा तीन कनिष्ठ लीग चालतात. त्यांत मिळून सुमारे ६० संघ असून १६ ते २० वर्षे वयाची मुले खेळतात. एका हंगामात साखळीतलेच साठाहून अधिक सामने होतात, घरापासून दूर आलेल्या मुलांना त्या गावातली कुटुंबे स्वतःच्या घरी ठेवून घेतात, आणि खेळलेल्या हंगामांच्या प्रमाणात पुढच्या शिक्षणाचा खर्च देण्याचीही तरतूद असते. वयाच्या अठराव्या वर्षी यांतले बहुसंख्य खेळाडू ‘नॅशनल हॉकी लीग’ या व्यावसायिक स्पर्धेच्या ‘ड्राफ्ट’साठी पात्र होतात. १९६३ पासून चालत आलेल्या या निवडपद्धतीत बोली लागत नाही. ३२ संघ सात फेऱ्यांत आळीपाळीने नावे उचलतात, आणि गेल्या हंगामात तळाशी राहिलेल्या संघांना आधी निवडण्याची संधी मिळते. यातली पुढे कामाची पडणारी बाब अशी की मोठी लीग या कनिष्ठ लीगला, तिने खेळाडू घडवल्याबद्दल, करारानुसार पैसे देते.

महाराष्ट्रात बर्फावरची हॉकी नाही, आणि मैदानी हॉकीची परंपरा पुण्याच्या खडकी भागात दीर्घकाळ असली, पिंपरीच्या नेहरूनगरमध्ये महापालिकेने मेजर ध्यानचंद यांच्या नावाचे कृत्रिम हिरवळीचे मैदान उभारून तिथे २०२१ च्या डिसेंबरमध्ये पुरुषांची वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा भरवली असली, तरी या पट्ट्यातल्या सामान्य घरातल्या मुलाला व्यावसायिक खेळाचे दार उघडते ते मुख्यतः कबड्डीतून. त्याचे कारण भूगोलात आणि जमिनीच्या इतिहासात आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, १९६० च्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने भोसरी-चिंचवडची शेते संपादित केली, टेल्को आणि बजाज इथे स्थिरावले, १९८२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि १९९७ मध्ये चऱ्होली, मोशी, चिखली, तळवडे यांसारखी गावे तिच्यात समाविष्ट झाली. पुढे चाकण परिसरात बजाज, फोक्सवॅगन आणि महिंद्रा यांच्या प्रकल्पांनी खेड तालुक्यातल्या निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी या गावांचे रूप पालटले. शेते गेली, पण गावकी गेली नाही: ग्रामदैवताचा उत्सव, तालीम, भजनी मंडळ आणि कबड्डीचा संघ या चार गोष्टी कारखान्याच्या भिंतीला भिंत लावून टिकल्या. भोसरीच्या भैरवनाथ संघाचे नाव ग्रामदैवतावरूनच आहे, आणि असे नाव असलेले संघ या पट्ट्यात गावोगाव आढळतात. जमिनीच्या मोबदल्यातून हाती आलेला पैसा बैलगाडा शर्यती, कुस्तीचे आखाडे आणि कबड्डी स्पर्धा यांच्याकडे वळला, हेही नोंदवले पाहिजे. तो पैसा कोणत्या हेतूने वळला याविषयी मतभेद असू शकतात, परंतु तो वळला नसता तर इथली कबड्डी केव्हाच शाळेच्या स्नेहसंमेलनापुरती उरली असती.

संघ म्हणजे कागदोपत्री एक नोंदणीकृत मंडळ, प्रत्यक्षात मात्र एक मैदान, एक-दोन जाणते माजी खेळाडू आणि दररोज संध्याकाळी जमणारी चाळीस-पन्नास मुले. पहिली पाळी सुटल्यावर कारखान्यातून थेट सरावाला येणारे तरुण, महाविद्यालयातून येणारे, आणि शाळेच्या गणवेशातच मैदानाच्या कडेला दप्तर टाकणारे किशोर एकाच मातीवर उतरतात, आणि वयाचे हे मिश्रण या व्यवस्थेचे सर्वांत मोठे बळ आहे. चौदा वर्षांचा मुलगा इथे आपल्या वयाच्या मुलांविरुद्धच खेळत नाही, तर राज्य स्पर्धा खेळलेल्या पंचविशीतल्या गड्याची पकड अंगावर घेतो, आणि वेगापेक्षा अंदाज मोठा असतो हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. बाहेरगावचा, म्हणजे मराठवाड्यातून, सातारा-सांगलीकडून किंवा अहिल्यानगरहून आलेला होतकरू खेळाडू असेल तर संघ त्याची खोली, जेवण आणि अनेकदा एखाद्या ओळखीच्या कंपनीत हलक्या पाळीचे काम अशी सोय लावतो. कॅनडातली कुटुंबे जे करतात त्याचेच हे रूप आहे. फरक इतकाच की तिथे त्याला लीगची नियमावली आहे आणि इथे कार्यकर्त्याचा शब्द.

या मैदानांवर नेमके काय शिकवले जाते हे कळण्यासाठी एकच कौशल्य जवळून पाहिले तरी पुरे. कबड्डीत चढाई करणाऱ्याला किमान ‘निदान रेषा’ ओलांडावी लागते. ती मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर असते, आणि तिच्या एक मीटर पुढे बोनस रेषा असते. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना चढाईपटूने एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवला आणि त्या क्षणी त्याचा दुसरा पाय हवेत असला, तर कोणाला न शिवताही त्याला गुण मिळतो. आता कोपऱ्यावर उभ्या असलेल्या बचावपटूचा, म्हणजे मैदानाच्या भाषेत ‘कॉर्नर’चा, प्रश्न असा असतो की चढाईपटूचा घोटा धरण्यासाठी झेप नेमकी केव्हा घ्यावी. पाय पुढे सरकताना झेप घेतली तर चढाईपटू तो पाय मागे घेतो, वाकलेल्या कॉर्नरच्या पाठीला हात लावतो आणि निघून जातो. पाय टेकून दुसराही खाली आल्यावर झेप घेतली तर बोनस गेलेला असतो आणि चढाईपटूचा तोलही सावरलेला असतो. धरण्याजोगा क्षण या दोहोंच्या मधला असतो, जेव्हा अंगाचा सगळा भार पुढच्या एकाच पायावर आलेला असतो. आणि त्या क्षणी घोटा धरला तरी तो एकट्याने टिकत नाही, शेजारचा ‘कव्हर’ खांद्याने धडक देऊन चढाईपटूला मध्यरेषेपासून तोडतो तेव्हाच पकड पूर्ण होते. जुने प्रशिक्षक ही झेप शिकवताना चढाईपटूच्या डोळ्यांकडे किंवा हातांकडे पाहू देत नाहीत, कमरेकडे पाहायला लावतात, कारण हुलकावणी हातांनी आणि डोळ्यांनी देता येते, कमरेने देता येत नाही. कॉर्नर आणि कव्हर ही जोडी वर्षानुवर्षे एकाच मैदानावर एकत्र राबल्याशिवाय जमत नाही, आणि म्हणूनच चढाईपटू निवड चाचणीत एका दिवसात नजरेत भरतो, तर बचावपटूची खरी पारख त्याच्या संघात राहूनच होते.

संघातून वर जाण्याची शिडी महाराष्ट्र राज्य कबड्डी संघटनेच्या गटरचनेतून जाते. अनेक वर्षे चालत आलेल्या पद्धतीनुसार किशोर गट १६ वर्षांखालील आणि ५५ किलोपर्यंतच्या मुलांचा, तर कुमार गट २० वर्षांखालील आणि ७० किलोपर्यंतच्या मुलांचा. त्यानंतर वरिष्ठ गट, ज्याची वजनमर्यादा ८५ किलो आहे. जिल्हा संघटना दरवर्षी अजिंक्यपद व निवड चाचणी स्पर्धा भरवते, तिच्यात संलग्न संघ उतरतात, निवड समिती त्यांतून जिल्ह्याचा संघ निवडते, त्याचे सराव शिबिर होते, हा संघ राज्य स्पर्धा खेळतो, आणि राज्य स्पर्धेतून महाराष्ट्राचा संघ राष्ट्रीय स्पर्धेला जातो. पिंपरी-चिंचवडसाठी या शिडीची पहिली पायरी दीर्घकाळ अरुंद होती, कारण हवेली, मुळशी, खेड, बारामती आणि पुणे शहर यांच्यासह सगळ्यांना मिळून जिल्ह्याचा एकच संघ असे. बाणेरचा सतेज संघ, शहरातले मातब्बर संघ आणि भोसरीकर यांच्यातून बारा जणांना निवडताना चांगले खेळाडू बाहेर राहणे अटळच होते. राज्य संघटनेने अलीकडे मोठ्या जिल्ह्यांचे, पुण्यात शहर, ग्रामीण आणि पिंपरी-चिंचवड असे, विभाग करून स्वतंत्र संघ उतरवायला सुरुवात केली, त्यामुळे या पट्ट्यातल्या मुलांच्या जागा एकदम वाढल्या. नव्या रचनेने दर्जा पातळ होतो अशी टीका होते. परंतु अठरा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने राखीव बाकावर बसून मिळालेल्या जिल्ह्याच्या प्रमाणपत्रापेक्षा पूर्ण चाळीस मिनिटे खेळलेले चार सामने अधिक मोलाचे असतात, आणि या बाबतीत संघटनेचा निर्णय योग्यच म्हणावा लागेल.

वजनाचा प्रश्न मात्र या शिडीतच दडलेला आहे. कुमार गटात बसण्यासाठी सतरा-अठरा वर्षांचा, अंगाने भरत चाललेला मुलगा ७० किलोच्या आत राहण्याची धडपड करतो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाणी तोडणे, पहाटे जाड कपडे घालून धावणे, वजनकाट्यावरून उतरल्यावरच पहिला घास घेणे हे प्रकार सर्रास चालतात. आणि दोन वर्षांनी हाच मुलगा व्यावसायिक संघाच्या चाचणीला जातो तेव्हा त्याच्यासमोर ८० किलोच्या पुढचे बचावपटू उभे असतात. म्हणजे ज्या वयात स्नायू बांधायचे त्या वयात शिडी त्याला वजन घटवायला लावते, आणि शिडी संपल्यावर वजन नसल्याबद्दल नाकारते. उत्तरेत, विशेषतः हरियाणात, मुले कुमार गटातून लवकर बाहेर पडून वरिष्ठ स्पर्धांत उतरतात, हे तिथल्या खेळाडूंच्या अंगकाठीचे एक कारण असावे; सगळे श्रेय दुधातुपाला देण्याची जी सवय आपल्याकडे आहे तिच्यात फारसे तथ्य नाही.

शिडीच्या बाहेर, आणि मुलांच्या दृष्टीने कदाचित तिच्याहून महत्त्वाचा, आहे तो निमंत्रित स्पर्धांचा हंगाम. दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालणाऱ्या या स्पर्धा प्रकाशझोतात होतात, कोणाच्या तरी वाढदिवसानिमित्त, ग्रामदैवताच्या उत्सवात किंवा आमदार, खासदार, महापौर यांच्या नावाच्या चषकासाठी भरतात, आणि मालिकावीराला दुचाकी देण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. मार्च २०२२ नंतर महापालिका काही वर्षे प्रशासकाच्या हाती राहिली, त्या काळात महापौरच नसताना चषकांची नावे काय ठेवावीत हा आयोजकांपुढचा गमतीचा पेच होता. पण चषक थांबले नाहीत, कारण इच्छुक थांबले नव्हते. या स्पर्धांची ताकद अशी की हजारो शौकिनांसमोर, तालुक्याच्या अभिमानाचे ओझे घेऊन, ‘शेवटची चढाई, दोन गुण हवेत’ अशा अवस्थेत खेळण्याचा अनुभव मुलाला अठराव्या वर्षीच मिळतो. त्यांचा दोष असा की त्या बहुधा बाद पद्धतीने होतात, म्हणजे एक सामना हरला की संघ घरी जातो. कनिष्ठ लीग आणि स्पर्धा यांच्यातला खरा फरक इथे आहे. लीगमध्ये खेळाडूला ठरावीक संख्येने सामने मिळण्याची हमी असते, आज चुकलेली झेप तीन दिवसांनी सुधारण्याची संधी असते, आणि प्रत्येक चढाईची नोंद राहते. आपल्याकडच्या मुलाच्या हाती हंगामाअखेर ढालींचे फोटो असतात, परंतु त्याने वर्षभरात किती चढाया केल्या, त्यांतल्या किती यशस्वी झाल्या, डाव्या कोपऱ्याकडे तो किती वेळा फसला, हे कोणालाच, त्यालाही, सांगता येत नाही. अलीकडे बऱ्याच स्पर्धांचे यूट्यूबवर थेट प्रक्षेपण होते, आणि व्यावसायिक संघांचे जाणकार तेच चित्रण पाहून नावे टिपतात. ही सोय अपघातानेच झाली, पण ती मोठी ठरली.

आता वरचे दार. प्रो कबड्डीत खेळाडू संघात येण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला लिलावाचा, ज्यात खेळाडूंचे अ, ब, क, ड असे गट करून अलीकडच्या हंगामांत अनुक्रमे ३० लाख, २० लाख, १३ लाख आणि ९ लाख अशा मूळ किमती ठेवल्या गेल्या. प्रत्येक संघाला एकूण खर्चाची मर्यादा असते, जी दहाव्या हंगामात ४ कोटी ४० लाखांवरून ५ कोटी रुपये झाली, आणि संघात १८ ते २५ खेळाडू ठेवता येतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई या मार्गाने आला: २०१८ मध्ये यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतले, पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण केले, आणि पुढच्या वर्षी त्याची किंमत १ कोटी ४५ लाख झाली. दुसरा मार्ग ‘न्यू यंग प्लेअर’चा, म्हणजे नवोदित युवा खेळाडूचा. साधारण १८ ते २२ वयाच्या, यापूर्वी लीग न खेळलेल्या मुलांना संघ लिलावाबाहेर, ठरावीक मानधनावर करारबद्ध करतात. पूर्वी ‘फ्युचर कबड्डी हीरोज’ या नावाने देशभर चाचण्या घेऊन अशी मुले एकत्र आणली जात, आता बहुतेक संघ स्वतःच्या जाणकारांवर भिस्त ठेवतात. अशा मुलाचा करार चालू असेपर्यंत त्याच्यावर बोली लागत नाही, आणि नंतरही ‘टिकवलेला युवा खेळाडू’ म्हणून संघ त्याला ठेवून घेऊ शकतो. खर्चाची मर्यादा पाच कोटींची असताना ज्या संघाला स्वस्तात चांगला तरुण ओळखता येतो तो उरलेल्या पैशात एखादा महागडा तारा घेऊ शकतो. ड्राफ्टमागचे अर्थशास्त्र जे आहे तेच इथेही आहे.

हे अर्थशास्त्र सर्वांत नेमकेपणाने वापरले ते पुणेरी पलटणने. पलटणचे घर बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल, म्हणजे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेली वास्तू. ती पुण्याच्या हद्दीत असली तरी मुळा नदी ओलांडली की वाकड, आणि तिथून पुढे सगळा पिंपरी-चिंचवडच. सुरुवातीची काही वर्षे पलटणनेही नावाजलेले खेळाडू विकत घेऊन पाहिले, त्यातून फार काही हाती लागले नाही, आणि मग आठव्या हंगामात, २०२१-२२ मध्ये, अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत हे दोन कोवळे खेळाडू थेट पहिल्या सातात उतरवले गेले. करोनामुळे तो सगळा हंगाम बेंगळुरूच्या एका हॉटेलात, प्रेक्षकांविना झाला. गावच्या मैदानावर हजारोंच्या गलक्यात वाढलेल्या मुलांनी व्यावसायिक पदार्पण रिकाम्या सभागृहात केले, ही विसंगती लक्षात राहण्याजोगी आहे. बी. सी. रमेश यांच्या प्रशिक्षणाखाली नवव्या हंगामात संघ अंतिम सामन्यापर्यंत जाऊन जयपूरकडून ३३-२९ असा हरला. दहाव्या हंगामात अस्लम कर्णधार झाला, नाशिककडच्या आकाश शिंदेसह तरुण चढाईपटूंची फळी तयार होती, आणि अशा स्वस्तात घडलेल्या संघामुळेच इराणच्या मोहम्मदरझा शादलूवर २ कोटी ३५ लाख रुपये लावणे पलटणला परवडले. साखळीतल्या २२ सामन्यांत १७ विजय, ३ बरोबरी आणि ९६ गुण मिळवून संघ अव्वल राहिला, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून विजेता झाला. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलेल्या भारतीय संघात अस्लम आणि आकाश दोघेही होते.

पुढचा हंगाम या व्यवस्थेची नाजूक बाजू दाखवून गेला. अस्लमच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि गतविजेता संघ बाद फेरीही गाठू शकला नाही. मातीवर वाढलेल्या खेळाडूचा गुडघा मॅटवर का दुखावतो, याचे उत्तर यांत्रिक आहे: मातीत पाय थोडा घसरतो आणि वळण्याचा ताण वाटून जातो, तर रबरी बुटाचा तळ मॅटला चिकटून राहतो आणि वळणाचा सगळा पीळ गुडघ्याच्या अस्थिबंधांवर येतो. सरावाचे मैदान मातीचे आणि स्पर्धा मॅटवर असा प्रकार आजही ग्रामीण संघांत सर्रास आहे, कारण मॅट महाग असते, ती उघड्यावर ठेवता येत नाही, आणि तिच्यासाठी छत लागते. कोट्यवधींचे कर भरणारे कारखाने ज्या गावांच्या हद्दीत आहेत तिथल्या संघांना एक पत्र्याची शेड मिळू नये, याचा दोष मात्र कोणत्याही क्रीडा नियमावलीवर टाकता येणार नाही.

खऱ्या अर्थाने कनिष्ठ लीग म्हणावी अशी गोष्ट कबड्डीत उगवली ती अगदी अलीकडे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘युवा कबड्डी सिरीज’ने २३ वर्षांखालील खेळाडूंसाठी साखळी पद्धतीचे, मॅटवरचे, प्रत्येक चढाईची आकडेवारी ठेवणारे आणि चित्रित होणारे सामने भरवले, आणि वर दाखवलेली उणीव नेमकी हेरली. मार्च २०२५ मध्ये हरिद्वारला झालेल्या ‘युवा ऑल स्टार्स’ स्पर्धेत तर युवा पलटण, युवा मुंबा, ज्युनियर स्टीलर्स, जयपूर पिंक कब्स असे प्रो कबड्डी संघांचेच कनिष्ठ संघ उतरले. म्हणजे व्यावसायिक संघ आता पिकलेले फळ तोडण्यापुरते न थांबता स्वतःची रोपवाटिका लावू लागले आहेत. खेलो इंडियाचीही यात मदत झाली. जानेवारी २०१९ मध्ये बालेवाडीतच झालेल्या युवा स्पर्धांत कबड्डीचे १७ आणि २१ वर्षांखालील असे दोन्ही गट होते, आणि या योजनेत निवडलेल्या खेळाडूला महिन्याला १० हजार रुपये हातखर्च मिळतो, जो चाकणच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाच्या दृष्टीने लहान नाही.

तरीही या नव्या रोपवाटिकेत मुलगा येतो तो सतरा-अठराव्या वर्षी, घोटा केव्हा धरायचा हे शिकून झाल्यावर. ते शिकवणाऱ्या संघाला काय मिळते? फुटबॉलने हा प्रश्न २००१ मध्ये सोडवला: खेळाडू करार संपण्याआधी एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला तर हस्तांतराच्या रकमेचा पाच टक्क्यांपर्यंतचा वाटा, बाराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत त्याला घडवलेल्या सर्व क्लबांत वर्षांच्या प्रमाणात वाटला जातो, आणि घडवणुकीचा मोबदला याशिवाय वेगळा असतो. कॅनडाची कनिष्ठ लीग करारातून पैसे मिळवते. कबड्डीत लिलावाच्या रकमेतून मूळ संघाकडे हक्काने जाणारा असा कोणताही वाटा रूढ झालेला नाही. खेळाडू कृतज्ञ असेल तर गावात मिरवणूक निघते, तो संघाला मॅट किंवा बूट देतो, इतकेच. पाच कोटींच्या मर्यादेतल्या पाच टक्क्यांचा हिशेब केला तर एका व्यावसायिक संघाकडून हंगामाला पंचवीस लाख रुपये निघतात, बारा संघांचे मिळून तीन कोटी. लीगच्या एकूण उलाढालीत ही रक्कम जाणवणारही नाही, पण शे-दोनशे गावसंघांना छत आणि मॅट देण्याची सुरुवात तिच्यातून होऊ शकते. अडचण पैशाची नसून नोंदीची आहे: मुलगा कोणत्या वर्षी कोणत्या संघाकडून खेळला याची विश्वासार्ह, बदलता न येणारी नोंद नसेल तर वाटा मागायला एकाऐवजी पाच संघ उभे राहतील. भारतीय हौशी कबड्डी महासंघाचा कारभार २०१८ पासून न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाकडे होता आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तो फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्वाचित मंडळाकडे आला, हे पाहता अशी नोंदवही उघडण्याची अपेक्षा आता कुठे करता येईल.

मुलींच्या बाबतीत हा सगळा विचार पहिल्याच पायरीवर अडतो. पुण्याच्या राजमाता जिजाऊ संघासारख्या नामवंत संघांची आणि पिंपरी-चिंचवडच्या महिला संघांची परंपरा पुरुषांइतकीच कसदार आहे, हांगझोला सुवर्ण जिंकलेल्या भारतीय महिला संघात पुण्याची स्नेहल शिंदे होती, आणि त्याच मैदानांवर, त्याच प्रशिक्षकांकडे मुली सराव करतात. परंतु प्रो कबड्डीच्या छत्राखाली महिलांचे सामने झाले ते एकदाच, २०१६ मध्ये, तीन संघांच्या ‘विमेन्स कबड्डी चॅलेंज’च्या रूपाने, ३१ जुलैला हैदराबादमध्ये त्याचा अंतिम सामना २४-२३ असा एका गुणाने सुटला, आणि दुसरा हंगाम झाला नाही. त्यामुळे एकोणीस वर्षांच्या चढाईपटू मुलीसमोर नवोदित युवा खेळाडूचा करार नाही, लिलाव नाही, तिच्या खेळाला बाजारभावच नाही. आहे ते शासकीय नोकरीतले खेळाडूंसाठीचे पाच टक्के आरक्षण, आणि त्यासाठी लागणारे राज्य व राष्ट्रीय स्पर्धांचे प्रमाणपत्र. म्हणून कबड्डीचा सराव आटोपल्यावर या मुली मैदान सोडत नाहीत. पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीत मुलींना ८०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते, तेव्हा प्रशिक्षकाच्या हातातले घड्याळ चढाईच्या तीस सेकंदांवरून आठशे मीटरच्या वेळेकडे वळते, आणि पुढचा अर्धा तास त्याचा सराव चालतो.